शिकारी रायफलीसाठी गोळी निवडताना आधी बांधणी पाहावी

शिकारी रायफलीची चर्चा बहुधा कॅलिबरपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कॅलिबर गोळीचा व्यास सांगते, काडतूस तिला वेग देते. परंतु प्राण्याच्या शरीरात शिरल्यावर ती किती पसरेल, फुटेल की अखंड राहील आणि किती खोल जाईल, हे प्रामुख्याने तिच्या बांधणीवर ठरते. म्हणून आधी प्राण्याचे आकारमान, मग गोळी लागण्याच्या क्षणीचा वेग आणि त्यानुसार बांधणी, या क्रमाने विचार करावा.

जुनी आणि स्वस्त बांधणी म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचे पातळ आवरण, आत शिशाचा गाभा आणि उघडे मऊ टोक. मध्यम वेगाने लहान हरणाच्या फुफ्फुसांत शिरल्यास ती छत्रीसारखी उलगडते आणि काम उत्तम करते. अडचण वेग वाढल्यावर येते. .300 विंचेस्टर मॅग्नम या मोठ्या, वेगवान काडतुसातून सेकंदाला सुमारे 900 मीटर वेगाने निघालेली अशी मऊ गोळी तीस मीटरवर जाड खांद्याच्या हाडावर बसली, तर आवरण आणि गाभा वेगळे होऊन ती उथळ जखम करून थांबू शकते. त्याच ठिकाणी साध्या .308 काडतुसातली हळू गोळी अधिक खोल जाऊ शकते. मोठे काडतूस घेऊन हलकी, मऊ गोळी वापरणे हा म्हणूनच माझ्या मते पैशाचा अपव्यय आहे.

या दोषावर अमेरिकी गोळी-उत्पादक जॉन नोस्लर यांनी 1940 च्या दशकात काढलेला उपाय आजही टिकून आहे: गोळीच्या मध्ये तांब्याची आडवी भिंत. पुढचा भाग पसरतो, मागचा अखंड राहून आत ढकलत जातो. शरीरातून काढलेली अशी 180 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक, सुमारे 0.065 ग्रॅम) गोळी तराजूवर 117 ग्रेन भरली, तर 65 टक्के वजन शिल्लक आहे, आणि या बांधणीत ते अपेक्षितच असते. गाभा आवरणाला जोडलेल्या, म्हणजे बाँडेड, गोळ्यांत हे प्रमाण सहसा अधिक असते.

संपूर्ण तांब्याची गोळी जवळजवळ सगळे वजन राखते, त्यामुळे थोडे हलके वजन घेतले तरी चालते. मात्र ती उघडण्यासाठी वेग लागतो. अनेक गोळ्यांसाठी सेकंदाला सुमारे 550 ते 600 मीटर ही खालची मर्यादा धरावी आणि नेमका आकडा उत्पादकाच्या तक्त्यात पाहावा. आपल्या काडतुसाचा वेग ज्या अंतरावर या मर्यादेखाली जातो, त्यापलीकडे गोळी झाडू नये, कारण न पसरलेली गोळी अरुंद छिद्र पाडून आरपार जाते आणि जखमी प्राणी दूर निघून जातो. पूर्ण आवरणाच्या लष्करी गोळीचा दोषही हाच असून अनेक ठिकाणी मोठ्या प्राण्यांसाठी ती निषिद्ध आहे. शिशाच्या गोळ्यांवरही काही ठिकाणी बंदी आहे. कॅलिफोर्नियात ती 1 जुलै 2019 पासून सर्व शिकारीला लागू झाली.

तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवण्यासाठी नळीतल्या, गोळीला फिरवणाऱ्या सर्पिल खाचांना अधिक जलद पीळ लागू शकतो. त्यामुळे नवी गोळी आधी कागदी लक्ष्यावर तपासावी. छिद्र गोल न दिसता लांबट दिसले, तर गोळी हवेत डगमगत आहे असे समजून हलके वजन घ्यावे. छिद्रे गोल आणि एकत्र असतील, तर दुर्बिणीचा नेम नव्याने जुळवावा, कारण वजन तेच असूनही मारा पूर्वीच्या जागी पडेलच असे नाही.