डुशेनचं निदान झालंय? रिपोर्ट, रिसर्च आणि घरचं कसं सांभाळायचं

डुशेन म्हणजे मुलांचे स्नायू हळूहळू कमजोर करणारा जनुकीय आजार. सगळ्यात आधी जेनेटिक रिपोर्टमधे कुठले एक्सॉन (जीनचे तुकडे) गेलेत ते बघा आणि त्याचा फोटो मोबाईलमधे ठेवा, कारण डिस्ट्रॉफिनच्या (स्नायूंना लागणारं प्रोटीन) जीनमधे 79 एक्सॉन असतात आणि काकांनी फॅमिली ग्रुपवर "नवीन औषध आलं!!" टाकलं की पहिला प्रश्न हाच, आपल्या म्युटेशनला (जीनमधल्या बिघाडाला) चालतं का? 2016 ला अमेरिकेत मंजूर झालेलं एटेप्लिरसेन फक्त एक्सॉन 51 स्किप करून (वगळून) चालेल अशाच मुलांसाठी, उलट 2024 चं गिव्हिनोस्टॅट म्युटेशन कुठलंही असो, 6 वर्षांपासून पुढे देतात. पूर्ण बरं करणारं यातलं एकही नाही, हे घरच्यांना स्पष्ट सांगून टाका.

नव्या औषधाच्या ट्रायलसाठी (चाचणीसाठी) कुणी पैसे मागितले तर सरळ उठून या. स्टेम सेलवाल्यांची चकाचक पॅकेजेस तर बघूच नका.

स्टेरॉइड आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर लगेच डॉक्टरांना फोन. रक्तात एसजीपीटी (लिव्हरसाठी बघतात ते एन्झाइम) वाढलेलं दिसलं की नवे डॉक्टर लिव्हरच्या मागे लागतात, पण ते स्नायूंमधूनही येतं, त्यांना सीपीकेचा (स्नायूंमधल्या एन्झाइमचा) रिपोर्ट दाखवा. भूल द्यायची असेल तर डुशेन आहे हे आधीच सांगा.

घोट्याचं स्ट्रेचिंग टीव्ही लावून करा, गुडघा सरळ, टाच तळहातात धरायची, पाऊल हळूहळू वर ढकलायचं, झटका नाही, आणि हे रोज आईच्याच गळ्यात नको, बाबा आजी सगळ्यांनी शिका. आई कॅरियर निघाली (म्हणजे तिच्याही जीनमधे हा बिघाड असला) तर तिच्या हृदयाचीही तपासणी, टूडी इको वगैरे करायला लागते, आणि नेमकं तेच राहून जातं.