'नारबाची वाडी' ऐकावी कशी

'नारबाची वाडी' हा २०१३ सालचा मराठी सिनेमा. दिग्दर्शन आदित्य सरपोतदारांचं, पटकथा-संवाद गुरू ठाकूरांचे आणि नारबा दिलीप प्रभावळकर. मालवणजवळच्या आमच्या आचऱ्यात घरटी माड आहेत, तरी हा सिनेमा पाहिलेलं माणूस शोधावं लागतं. मला याची फार हळहळ वाटते. ज्यांनी पाहिला तेही पुष्कळदा 'बरा आहे, पण हसू कमी आलं' असं म्हणतात. त्यांनी तो पाहिला, ऐकला नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तो कसा ऐकायचा ते सांगते.

गोष्ट आधी सांगून टाकते, त्याने काही बिघडत नाही. म्हाताऱ्या नारबाची माडा-पोफळींनी भरलेली वाडी आहे. गावच्या खोताचा तिच्यावर डोळा. वाडी हाती न लागताच तो मरतो. मग त्याचा मुलगा नारबाशी करार करतो: नारबा जिवंत आहे तोवर दर महिन्याला पैसे द्यायचे, तो गेला की वाडी खोताची. पैसे सुरू होतात, पोटात चार घास बरे जातात, आणि नारबा मरायचं नाव घेत नाही.

आता यातली मेख बघा. धाकट्या खोताला सगळ्या जगात एकच प्रश्न विचारायचा आहे आणि नेमका तोच त्याला विचारता येत नाही. 'कधी जाणार?' असं कोण कोणाच्या तोंडावर विचारतं? मग उरते ती तब्येतीची चौकशी. आपल्याकडे सकाळी बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आत येणारा प्रत्येक माणूस तेच विचारतो, त्यामुळे त्यात काही वावगं दिसत नाही. पण करार झाल्यावर चौकशीचा आणि उत्तराचा अर्थ उलटतो. नारबा बरा असणं ही एकाला खुशखबर, दुसऱ्याला महिन्याचा भुर्दंड. विनोद इथे आहे. तो वाक्याच्या टोकाला येऊन टाळी मागत नाही, साध्या बोलण्याच्या पोटात बसलेला असतो.

कान तयार करायला घरातच एक गोष्ट करून बघा. 'बरो आसस मां?', म्हणजे मालवणीत 'बरा आहेस ना?', हे एवढंसं वाक्य. आधी 'बरो'वर जोर देऊन म्हणा, मग शेवटचा 'मां' लांबवून, मग मध्ये किंचित थांबून. पहिल्यात माया ऐकू येते. दुसऱ्यात शंका येते. तिसऱ्यात, थांबलात त्या जागी, विचारणाऱ्याच्या मनात काय चाललंय ते उघडं पडतं. शब्द तेच, अक्षर इकडचं तिकडे नाही. माझ्या भाच्याला, जो पुण्यात वाढला, मी हे करायला लावलं. तिसऱ्या वेळी तो स्वतःच हसला. मग सिनेमा लावला.

मोबाइलच्या स्पीकरवर हा सिनेमा लावू नका. हेल त्यात चिरडून जातो, नुसते शब्द येतात. टीव्हीला एखादा बरा स्पीकर जोडा, नाहीतर कानाला हेडफोन लावा. आणि आमच्याकडे आषाढ-श्रावणात तर बघूच नका. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना मोठ्याने बोललेलं तेवढं ऐकू येतं, आणि इथे महत्त्वाचं सगळं हळू बोललेलं आहे. शिवाय मध्येच वीज जाते. दिवाळीनंतरची रात्र चांगली. पंखा बंद असतो, पडवीत दहा माणसं मावतात.

खोत म्हणजे कोण हे माहीत नसेल तर अर्धं बोलणं वाया जातं. कोकणात खोत गावाचा शेतसारा गोळा करून सरकारात भरायचा आणि मधल्या मध्ये जमीन कसणाऱ्या कुळांवर सत्ता गाजवायचा. १८८० च्या खोती कायद्याने ही व्यवस्था कागदावर पक्की केली. अलिबागकडच्या चरी गावात १९३३ पासून नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने कुळांनी खोतांविरुद्ध संप करून सहा वर्षं जमीन कसली नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करायचं विधेयक आणलं. प्रत्यक्ष कायदा आला १९४९ मध्ये. खोताचा दबदबा मात्र गावच्या बोलण्यात पुढेही राहिला: कोण आधी बोलणार, कोण खाली बसणार, कोण 'होय' म्हणून गप्प राहणार. नारबाचं बोलणं ऐकताना हे मनात ठेवा. खोताला सरळ 'नाही' म्हणायची मुभा नसलेल्या माणसाचा नकार फार वेगळ्या वाटांनी येतो.

वाडीचंही थोडं. उंच जातीचा बाणवली माड लावला की सहा-सात वर्षांनी धरतो आणि मग ऐंशी वर्षं देत राहतो. म्हणजे लावणारा जातो, माड राहतो. हे ज्याने आयुष्यभर पाहिलंय त्याच्याशी मरणाबद्दल बोलताना खोत घाई करतो आणि नारबा करत नाही. दोघांच्या बोलण्याची लय म्हणूनच जुळत नाही. एकाला महिना मोजायचा आहे, दुसऱ्याला शिंपणं करायचं आहे.

मालवणी विनोद म्हटला की बहुतेकांच्या कानात 'वस्त्रहरण' असतं. गंगाराम गवाणकरांचं ते नाटक आणि मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच मलाही जीव की प्राण आहेत. तिथे वाक्य फटाक्यासारखं फुटतं. तोच कान घेऊन 'नारबाची वाडी'कडे गेलात तर निराश व्हाल. त्यापेक्षा जत्रेतला धयकालो, म्हणजे दशावताराचा खेळ, बघून या. कार्तिक-मार्गशीर्षात आमच्याकडे गावोगाव दशावतार असतो. त्यात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि बोलणं कलाकार उभ्या उभ्या रचतात. समोरचा काय बोलतो ते नीट ऐकल्याशिवाय पुढचं वाक्य सुचतच नाही. दशावतारात मी बोलणाऱ्याकडे कमी आणि ऐकणाऱ्याकडे जास्त बघते. हीच सवय इथे लावा. प्रभावळकर बोलत नसतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरून नजर हलवू नका. चित्रीकरणाच्या काळात ते सत्तरीला टेकलेले होते. त्यांच्या म्हातारपणात कुठे ओढाताण नाही. मनोज जोशींनी बाप आणि लेक दोघेही खोत केले आहेत. बापाच्या हावेतला रुबाब आणि लेकाच्या हावेतली चलबिचल, हा फरक ऐकायला एक अख्खी खेप द्यावी.

कोणी म्हणेल, असला करार कुठे असतो का? असतो. फ्रान्समधल्या आर्ल गावात १९६५ मध्ये नव्वद वर्षांच्या झान काल्मां यांनी आपलं घर याच अटीवर एका वकिलाला दिलं: मरेपर्यंत दरमहा अडीच हजार फ्रँक. वकील १९९५ मध्ये वारला. बाई १९९७ पर्यंत, वयाच्या १२२ व्या वर्षापर्यंत जगल्या, आणि मधली दोन वर्षं वकिलाच्या घरच्यांनी पैसे भरले. ही हकिगत मी सिनेमा संपल्यावरच सांगते. आधी सांगितली तर सगळे शेवटाचा हिशोब करत बसतात.

बरोबर कोण बसलंय यालाही महत्त्व आहे. एक तरी सत्तरीपुढचं माणूस हवंच. आमच्या शेजारच्या काकी धाकट्या खोताच्या प्रत्येक चौकशीला हसतात, आणि त्या हसल्या की पोरं चमकून मागे बघतात, काय झालं म्हणून. मी सिनेमा थांबवत नाही. समजावूनही सांगत नाही. पुढच्या खेपेला पोरं आपोआप त्या जागी कान देतात.

दुसऱ्यांदा पाहाल तेव्हा फक्त खोताच्या बाजूने पाहा. त्याचेही पैसे जातायत, त्यालाही झोप नाही. तेव्हा तीच वाक्यं कळवळून आलेली वाटतात.

ही गोष्ट मुळात बंगाली. मनोज मित्रांचं 'साजानो बागान' हे १९७७ चं नाटक, त्यावर तपन सिन्हांचा १९८० चा 'बांछारामेर बागान'. त्यात म्हातारा खुद्द मनोज मित्रांनीच केला, वय तेव्हा चाळिशीच्या आसपास. तो सिनेमा अवश्य पाहा, पण 'नारबाची वाडी' दोनदा ऐकून झाल्यावर. आधी पाहिलात तर मराठी बघताना मन सारखं बंगालीशी ताळा घालत राहील, आणि नारबा बोलायचा थांबतो त्या जागा हातातून निसटतील.