सातव्या दिवसाचा मेंदू, कॅल्शियम बांधणारी प्रथिनं आणि नवख्यांच्या चुका

शिवाजी विद्यापीठात किंवा कोल्हापूरच्या फार्मसी-मेडिकल कॉलेजात 'भुलीच्या औषधाने वाढत्या मेंदूतल्या पेशी मरतात, त्यात कॅल्शियम बांधणाऱ्या प्रथिनांचा संबंध काय' हा विषय संशोधनाला घेत असाल, तर सिनॉप्सिसची (संशोधन आराखड्याची) सुरुवात 'औषधाने पेशीत कॅल्शियम वाढतं आणि ती मरते' अशी करू नका. इथे गोष्ट उलटी आहे. केटामिन (भुलीचं औषध) आणि एमके-801 (प्रयोगात वापरतात ते तशाच कामाचं रसायन) चेतापेशीवरचे एनएमडीए ग्राहक, म्हणजे कॅल्शियम आत सोडणारी दारं, बंद करतात, म्हणजे कॅल्शियमची आवक घटते. 1999 साली दिसून आलं की वाढत्या वयाच्या उंदरांत या बंदीनेच पेशी आत्मनाशाकडे जातात. पुढे 2006 मध्ये असं आढळलं की मरणाऱ्या पेशींत कॅल्शियम बांधणारी प्रथिनं सहसा नसतात. 2016 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) तीन वर्षांखालच्या मुलांच्या लांबलेल्या किंवा वारंवार भुलीबद्दल इशारा दिला. विषयाचं वजन त्यावरून कळेल.

आधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घ्या. तिच्याशिवाय एकही पिल्लू हाताळायचं नाही.

सात दिवसांचं रॅटचं पिल्लू साधारण 15 ग्रॅमचं असतं. एमके-801 किलोमागे 1 मिलिग्रॅम द्यायचं असेल, तर मिलिलिटरला 0.1 मिलिग्रॅमचं द्रावण करून ग्रॅममागे 10 मायक्रोलिटर द्या, म्हणजे 0.15 मिली. जन्मदिवस शून्य धरला की एक, हे वहीत आधीच लिहा. पिल्लं थंड पडू देऊ नका. जुलैच्या पावसात आपल्याकडची खोली गार असते, औषधाने पिल्लं सुस्तावतात, आणि थंडीचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होतो. सलाइन दिलेली पिल्लंही तेवढाच वेळ, त्याच उबेत ठेवा.

सुमारे 8 तासांनी परफ्युजन, म्हणजे हृदयातून द्रव सोडून मेंदू टिकवणं: आधी सलाइन, मग ऊती घट्ट करणारं 4 टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड. नाकातून पाणी आलं तर सुई हृदयाच्या उजव्या बाजूला शिरली आहे, थोडी मागे घ्या. मेंदू 30 टक्के सुक्रोजमध्ये तळाला बसेपर्यंत थांबा. घाई केलीत तर बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात आणि काप जाळीदार दिसतात. काप 40 मायक्रॉनचे.

दुहेरी स्टेनिंगमध्ये (एकाच कापावर दोन प्रथिनं दोन रंगांत दाखवताना) तुटलेल्या कॅस्पेज-3 ची, म्हणजे आत्मनाशाची खूण असलेल्या प्रथिनाची, अँटीबॉडी सशाची असेल, तर कॅलबिंडिनची (कॅल्शियम बांधणाऱ्या प्रथिनाची) माउसची घ्या. दोन्ही सशाच्या घेतल्या तर दोन्ही रंग दोन्ही प्रथिनांवर चढतात. काही अँटीबॉडी कॅल्शियम धरलेलं प्रथिनच ओळखतात, तेव्हा ईडीटीए (कॅल्शियम ओढून घेणारं रसायन) असलेला बफर टाळा. प्राथमिक अँटीबॉडीशिवायचा एक काप प्रत्येक वेळी हवाच.

खरा गुंता निष्कर्षात आहे. पार्व्हाल्ब्युमिन हे कॅल्शियम बांधणारं आणखी एक प्रथिन सातव्या दिवशी कॉर्टेक्समध्ये जेमतेम दिसतं, मग 'ते नाही म्हणून पेशी मेली' असं कसं म्हणणार? पेशी नुसती कच्ची असू शकते. शिवाय मरता मरता पेशीतलं प्रथिन संपून गेलं असेल, तरी स्लाइड तशीच दिसेल. म्हणून 2, 4 आणि 8 तासांचे गट ठेवा. कॅस्पेज नुकतं दिसायला लागलं त्या टप्प्यावरच कॅलबिंडिन नसेल, तर अनुमानाला आधार मिळतो, तोही संबंधाचाच, कारणाचा नाही.

आणि मोजताना एका वेतातली आठ पिल्लं म्हणजे आठ नमुने नव्हेत. प्रत्येक वेतातून औषध आणि सलाइन अशा दोन्ही गटांना पिल्लं द्या आणि संख्याशास्त्रात वेत हेच एकक धरा.