ग्राफव्हिझमध्ये लांब नावांचे गोल फुगतात तेव्हा

नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिकांचा आराखडा ग्राफव्हिझमध्ये (लिहिलेल्या सूचनांवरून आकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) काढायला बसलो, तर 'लोकमान्य नगर'चा गोल 'खापरी'पेक्षा चांगलाच गलेलठ्ठ! कारण साधं आहे. विड्थ ही सेटिंग फक्त किमान रुंदी ठरवते. लेबल, म्हणजे आतलं नाव, मावलं नाही की आकार आपोआप वाढतो. फिक्स्डसाइझ (आकार पक्का ठेवणारी सेटिंग) ट्रू केलं तर गोल सारखे होतात, पण अक्षरं कडेबाहेर सांडतात.

म्हणून लेबल रिकामं ठेवा, म्हणजे नुसती दोन अवतरणचिन्हं, आणि नाव एक्सलेबलमध्ये द्या. ते गोलाच्या बाहेर, शेजारी बसतं. लेबल रिकामं करायला विसरलात तर नोडचं, म्हणजे त्या गोलाचं, नाव आतही छापलं जातं. लेबल रिकामं असलं की विड्थ ०.२ इंच पुरते.

सीताबर्डीला मात्र डबलसर्कल (दुहेरी गोल) आणि थोडी जास्त विड्थ, कारण ऑरेंज आणि अ‍ॅक्वा या दोन्ही मार्गिका तिथेच भेटतात. रंगासाठी नुसता फिलकलर चालत नाही, स्टाइल फिल्ड हवीच (हे मी दर वेळी विसरतो). सगळ्यांना लागू होणारी नोडची ओळ फाइलमध्ये सगळ्यात वर टाका. तिच्या आधी आलेल्या स्टेशनांना ती लागू होत नाही.