बुद्धिबळाची मात सोडवून सोलापुरात लपवलेली डबी कशी शोधायची

जिओकॅशिंग ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. कुणीतरी एक डबी लपवतं, तिच्या जागेचे जीपीएस आकडे ऑनलाईन टाकतं, आणि बाकीच्यांनी जाऊन ती शोधायची, आतल्या कागदावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी परत ठेवायची. २००० च्या मे महिन्यात अमेरिकेनं सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली आणि लगेच ३ मे ला ओरेगॉनमध्ये पहिली डबी लपवली गेली. यातच एक मिस्ट्री नावाचा प्रकार आहे, नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसतं तो. तिथं दिलेले आकडे खोटे असतात, खरी जागा त्यापासून साधारण ३ किलोमीटरच्या आत असते आणि ती कोडं सोडवूनच मिळते. मला यात सगळ्यात जास्त आवडतात ती बुद्धिबळाची कोडी, कारण हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं एवढं येणारं पोरगंसुद्धा यात उतरू शकतं.

आता एक उदाहरणच घेऊया. सोलापूर शहरातले आकडे साधारण उत्तर १७ अंश ४० मिनिटं, पूर्व ७५ अंश ५४ मिनिटं असे येतात. कोड्यात मिनिटांच्या टिंबापुढचे तीन तीन आकडे लपवलेले असतात, म्हणजे एकूण सहा आकडे शोधायचे. तीन पट दिलेत, तिन्हीत पांढऱ्याची खेळी, एका चालीत मात. (घरांची नावं अशी: पांढऱ्याच्या बाजूनं बघितलं तर उभ्या रांगा डावीकडून ए ते एच, आडव्या रांगा खालून १ ते ८.)

पहिला पट: पांढरा राजा जी १, हत्ती डी १. काळा राजा जी ८, त्याची प्यादी एफ ७, जी ७, एच ७. हत्ती डी ८ वर गेला की मात, स्वतःच्याच प्याद्यांमुळं राजाला पळायला जागा नाही. दुसरा पट: काळा राजा एच ८, शेजारी हत्ती जी ८, पुढं प्यादी जी ७ आणि एच ७, पांढरा घोडा जी ५ वर, पांढरा राजा लांब कोपऱ्यात ए १ ला. घोडा एफ ७ ला बसला की खेळ संपला. तिसरा: काळा राजा जी ८, पांढरा राजा जी ६, वजीर बी १. वजीर बी ८.

घराचं अक्षर म्हणजे ए ला १, बी ला २ असं एच ला ८ पर्यंत धरा. डी ८ चे ४८, एफ ७ चे ६७, बी ८ चे २८. ओळीनं लावले की उत्तर १७ अंश ४०.४८६, पूर्व ७५ अंश ५४.७२८. (हे आकडे फक्त समजावण्यासाठी आहेत, तिथं जाऊन शोधू नका, काही ठेवलेलं नाही.)

इथं बरेच जण लगेच गाडी काढतात आणि तिथंच घोळ होतो, कारण मात सापडणं हे अर्धंच काम आहे, मात देणाऱ्या घराचे आकडे कसे करायचे हे खरं कोडं. घरांमधून १ ते ८ एवढेच आकडे निघतात ना, मग ० आणि ९ कुठून आणणार? लपवणाऱ्यानं त्यासाठी काहीतरी वेगळी सोय केलेली असते. कुणी ए ला ० धरतं, कुणी मोहऱ्यांची किंमत घेतं, प्यादं १, घोडा आणि उंट ३, हत्ती ५, वजीर ९. वर्णनात त्याचा इशारा असतोच, म्हणून ते दोनदा तीनदा वाचा. आपल्या उदाहरणात ए ला ० धरलं तर ३८५ आणि ७१८ येतात, ती जागाही शहरातच पडते, त्यामुळं नकाशा बघून चूक कळणारच नाही. पण चांगला लपवणारा सगळ्या आकड्यांची बेरीज देऊन ठेवतो. बेरीज ३५ दिली असेल तर ए ला १ बरोबर, ३२ दिली असेल तर ए ला ०.

दुसरी गोष्ट पट उलटा तर नाही ना. चित्रावर अक्षरं नसतील तर आपण पांढरा खाली आहे असं धरून चालतो, आणि उजवीकडं खाली पांढरं घर दिसलं की खात्री पटते, पण पट पूर्ण फिरवला तरी तिथं पांढरंच घर येतं, त्यामुळं त्यावरून काहीच ठरत नाही. प्यादी कुठल्या बाजूला चालली आहेत ते बघा. उलट वाचलं तर एफ ७ चं सी २ होतं, ६७ च्या जागी ३२, आणि वरच्या उदाहरणात आपण जवळजवळ ९०० मीटर पश्चिमेला जाऊन पोहोचतो. मी असंच उलट वाचून एप्रिलच्या दुपारी कंबर तलावाच्या काठानं तासभर दगड उचलत फिरलोय, तेव्हापासून आधी हेच बघतो.

तिसरं, एकापेक्षा जास्त चालींनी मात होणं. तिसऱ्या पटात वजीर बी १ ऐवजी बी २ वर असता तर बी ८ ला पण मात आणि जी ७ ला पण मात. म्हणून स्वतः सोडवून झालं की लिचेस या बुद्धिबळाच्या साईटवर पट मांडून स्टॉकफिशला, म्हणजे चाली शोधणाऱ्या इंजिनला, दाखवा, दोन उत्तरं असतील तर लगेच कळतं. आधीच इंजिन लावलं तर मजा जाते हे माझं प्रामाणिक मत, पण निघायच्या आधी एकदा तपासण्यात काही वाईट नाही.

आकडे मॅपमध्ये टाकताना १७ लिहून जागा सोडा आणि मग ४०.४८६ लिहा, पूर्वेचं पण तसंच. १७.४०४८६ असं सलग टाकलं तर ते अंश समजले जातात आणि मॅप तुम्हाला मंगळवेढ्याच्या बाजूला, सरळ रेषेत जवळपास ५० किलोमीटर लांब नेऊन सोडतो.

जायचं तर उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नाहीतर संध्याकाळी, सोबत पाणी, पेन आणि एक काठी. मोकळ्या जागेत मोबाईल साधारण ५ मीटरपर्यंत बरोबर दाखवतो, झाडाखाली किंवा भिंतीजवळ त्याहून जास्त चुकतो, म्हणून दहा पावलांवर आलं की मोबाईल खिशात ठेवा आणि डोळ्यांनी शोधा. ही डबी कुठं लपवावीशी वाटली असेल असा विचार करायचा. लिंबाच्या बुंध्यातली ढोली, पाटीच्या मागं चिकटवलेलं लोहचुंबक, मुरुमाच्या ढिगाऱ्यात एकच वेगळा दिसणारा दगड. बिळात किंवा दगडाखाली हात घालायचा नाही, विंचू आणि साप आपल्याकडं भरपूर, आधी काठीनं सरकवून बघा.

स्वतः लपवणार असाल तर सिद्धेश्वर मंदिर, स्टेशन, एसटी स्टँड सोडून द्या, गर्दीत बेवारस डबा दिसला की लोक घाबरतात आणि पोलिसांना फोन जातो, त्यात लोकांचं काही चुकत नाही. किल्ल्याच्या भिंतीच्या फटीत काही खुपसायचं नाही, ती वास्तू आपलीच आहे. डबी पारदर्शक घ्या, वर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा की हा खेळ आहे, आणि जागा कुणाची खाजगी असेल तर आधी विचारा.

सापडली की कागदावर नाव आणि तारीख टाका, आतली एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा, झाकण घट्ट लावा. आणि ऑनलाईन नोंद करताना कुठली चाल होती ते लिहू नका, मागून येणाऱ्यालाही पटासमोर बसू द्या.