लेकराचा पाय अचानक लुळा पडला तर

काल वावरात धावणारं लेकरू आज पाय टेकवलं की खाली बसतं. "थंडी भरली असेल, तेल लावून शेकू," म्हणत घरात चार दिवस जातात. तसं करू नका.

आधी दोन्ही पाय एकेक करून उचलून पाहा. एक दुसऱ्यापेक्षा सैल आहे, ओल्या फडक्यासारखा लोंबतो? तळव्याला गुदगुल्या केल्या तरी मागे घेत नाही? हातांचंही असंच पाहा. अशक्तपणा कोणत्या तारखेला सुरू झाला ते लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतील.

पापण्या जड, गिळता येत नाही, आवाज बदलला, श्वास अपुरा पडतोय, तर थेट 108. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं लेकरू सकाळी असं उठलं तर मण्यार चावल्याचा संशय धराच. त्याच्या दंशाला बहुधा सूज नसते, खूणही सापडत नाही. मांत्रिकाकडे गेलेला तास परत येत नाही.

बाकी वेळी त्याच दिवशी आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. पंधरा वर्षांखालच्या अशा प्रत्येक मुलाची शी तपासतात: दोन नमुने, मध्ये किमान 24 तास, दोन्ही लुळेपणा आल्यापासून 14 दिवसांत. "पोलिओ गेला ना, मग शी कशाला?" असं लोक विचारतात. देशातला शेवटचा रानटी (म्हणजे लसीतून न आलेला, नैसर्गिक) पोलिओ जानेवारी 2011 मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला. तो परतला नाही हे कळतं ते याच तपासणीतून. कारण बहुतेकदा दुसरंच निघतं: नसांचा गियाँ-बारे आजार, मज्जारज्जूची सूज, कधी कुल्ल्यावर चुकीच्या जागी टोचलेली सुई.

निदान होईपर्यंत मालिश नको. तापात उगाच सुई मागणंही नको. पोलिओ असेल तर तिने लुळेपणा वाढू शकतो.

पोलिओपुरता बचाव लसीत आहे. थेंब जन्मतः, मग दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना आणि 16 ते 24 महिन्यांत बूस्टर. सोबत दंडावरची सुई दीड, साडेतीन आणि नऊ महिन्यांना. पल्स पोलिओचे थेंब पाच वर्षांपर्यंत, आधी कितीही घेतले असले तरी. मण्यारासाठी मात्र खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी.

वीटभट्टीवर किंवा कापूस वेचायला परगावी जाताना लसीचं कार्ड सोबत न्या. राहिलेला डोस तिथल्या अंगणवाडीतल्या लसीकरणातही मिळतो.