केना तणाची अमेरिकन बहीण: अंगणात स्पायडरवॉर्ट कसं लावावं

न्यू जर्सीतल्या आमच्या मागच्या अंगणात स्पायडरवॉर्ट पहिल्यांदा फुललं, तेव्हा मला साताऱ्याकडचं बाजरीचं रान आठवलं. खुरपणीत आई केना उपटून बांधावर टाकायची, आणि पावसाची एक सर आली की तो पेरापेरातून पुन्हा मुळं धरायचा. स्पायडरवॉर्ट त्याच केन्याच्या कुळातलं. फक्त केन्याच्या दोन पाकळ्या मोठ्या आणि तिसरी बारकी, हिच्या तिन्ही सारख्या, निळ्या-जांभळ्या. मधे पिवळे परागकोश आणि निळ्या केसांचे तंतू. भिंग घेऊन बघाच एकदा.

हे झाड मूळचं पूर्व अमेरिकेतलं. ट्रॅडेस्कँशिया हे त्याचं शास्त्रीय नाव इंग्लंडमधल्या ट्रॅडेस्कंट बापलेक माळ्यांवरून पडलं. इथल्या बर्फाची त्याला सवय आहे; हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, जमिनीतला गड्डा जिवंत राहतो आणि वसंतात फुटतो.

जागा निवडताना सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल असं बघा. मी मेपलच्या कडेला लावलंय, जिथे गवत कधी धड आलं नाही. आमची माती चिकण आहे, तरी चालतं. ओल मात्र टिकायला हवी. एप्रिलअखेर किंवा सप्टेंबरात लावा, दोन रोपांत दीड फूट ठेवा आणि गड्डा मातीच्या पातळीलाच बसवा, खोल गाडू नका. खड्ड्यात ओंजळभर कंपोस्ट पुरे. खत जास्त झालं की दांडे लुसलुशीत होऊन आडवे पडतात. पहिल्या उन्हाळ्यात मात्र पाण्याची हयगय करू नका.

फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, ऊन तापलं की मिटतं आणि पाकळ्या विरघळून चिकट होतात. देवाला वाहायचं तर सकाळच्या पूजेलाच. पण एकेका दांड्यावर कळ्यांचा घोसच असतो, त्यामुळे मेअखेरपासून सहा-सात आठवडे रोज नवी फुलं मिळतात. मधमाश्या परागासाठी भल्या सकाळी येतात, म्हणून माझा चहाही त्या वेळी बाहेरच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: छाटणी. पहिल्या वर्षी जुलैत पानं पिवळी पडली, दांडे लोळले, आणि झाड कुजलं असं समजून मी एक बेट उपटून कंपोस्टच्या ढिगावर टाकलं. पंधरा दिवसांनी ढिगातून हिरवे कोंब वर आलेले! फार वाईट वाटलं. त्याला काहीच झालं नव्हतं, फुलून दमलं होतं इतकंच. तेव्हापासून शेवटच्या कळ्या संपत आल्या की अख्खं बेट मुठीत धरते आणि जमिनीपासून आठ इंचांवर कापते. हात कचरू देऊ नका. कापल्यावर भरपूर पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत ताजी पानं येतात, आणि एखाद्या वर्षी सप्टेंबरात थोडी फुलंही. वेळेवर कापलं की बी सांडत नाही, नाहीतर पुढच्या वर्षी वाटेच्या फरशीतही रोपं उगवतात. कापताना हातमोजे घाला, चिकामुळे काहींच्या कातडीला खाज सुटते.

कोवळे कोंब सशांना आवडतात. एप्रिलात मी भोवती दोन फूट उंचीची जाळी लावते. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हातानेच वेचते.

तीन-चार वर्षांनी बेट दाटतं आणि मधे पोकळ दिसू लागतं. वसंतात कोंब वीतभर झाले की फावड्याने बेट उचला आणि प्रत्येक तुकड्याला तीन-चार कोंब व भरपूर मुळं राहतील असं फोडा. मी तुकडे ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मैत्रिणींना देते, आणि त्याच संध्याकाळी लावायला सांगते.